संक्षेप करताना ग्रहच कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परग्रहावर घडणाऱ्या जुन्या साहसकादंबऱ्यांचा मराठीत संक्षेप करताना सर्वात आधी कात्री लागते ती ग्रहाच्या वर्णनाला. तलवारबाजी शाबूत राहते. हवा, चंद्र, गुरुत्वाकर्षण गळते. मंगळावर एके काळी मानले जाणारे कालवे नाहीत हे कळून चुकले, मग एवढा पसारा कशाला, असा विचार त्यामागे असतो. तो चुकीचा आहे, कारण या कादंबऱ्यांत कथानक ग्रहाच्या पोटातूनच निघते.

एडगर राइस बरोज यांची ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ घ्या. १९१२ साली ती मासिकातून क्रमशः आली, १९१७ मध्ये पुस्तक निघाले. पृथ्वीवरून मंगळावर आलेला नायक भटकत एका प्रचंड कारखान्यापाशी पोहोचतो. सगळ्या ग्रहाची हवा तिथे तयार होते. दारे उघडतात ती नऊ विचारलहरींच्या ठरावीक क्रमाने, आणि तो क्रम त्याला तिथल्या वृद्ध रखवालदाराच्या मनातून कळतो. प्रकरण छोटे, मारामारी नाही, म्हणून गाळायला सोपे. पण अखेरीस कारखाना बंद पडतो, ग्रहावर माणसे गुदमरू लागतात आणि दार उघडते ते त्याच नऊ लहरींनी. आधीचे प्रकरण गाळले की हा शेवट निव्वळ चमत्कार ठरतो.

नायकाच्या पहिल्या पावलांचेही तसेच. उठून उभे राहायला जातो तो तीन यार्ड हवेत उडतो. चालणे त्याला नव्याने शिकावे लागते. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के. हा अडखळणारा माणूस आधी दाखवला, तरच त्याची पुढची तीस फुटांची उडी वाचक पचवतो. हिशेबाने ती अतिशयोक्तीच आहे, कारण पृथ्वीवर अर्धा मीटर उसळणारा माणूस तिथे साधारण १.३ मीटर उसळेल. असे जिथे असेल तिथे मजकूर न बदलता तळटीप द्यावी. दुसरी तळटीप जवळच्या चंद्राला हवी. कादंबरीत तो एका रात्रीत दोन-तीनदा आकाश ओलांडतो. या चंद्राची, म्हणजे फोबोसची, प्रदक्षिणा ७ तास ३९ मिनिटांची, हे लेखकाला ठाऊक होते; पण खाली मंगळही त्याच दिशेने फिरतो, त्यामुळे एका जागेवरून पाहणाऱ्याला तो सुमारे ११ तासांनी परत दिसतो, तोही पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळताना. धावत्या चंद्राच्या त्या सरकत्या सावल्या मात्र कापू नयेत. रात्रीच्या प्रसंगांची निम्मी जान त्यांत आहे.

शब्दांचे काम अधिक नाजूक. बरोज यांच्या मंगळावरच्या भाषेत ‘जेद’ म्हणजे राजा, ‘जेद्दक’ म्हणजे सम्राट. पहिल्या वापराला अर्थ द्यावा आणि मग मूळ शब्दच चालवावा. विभक्ती सहज लागते. ‘जेद्दकाचे’ कुणालाही खटकत नाही. आठ पायांच्या स्वारीच्या जनावराचे नाव मात्र ‘थोट’ असे लिहू नये. ‘थोटावर बसला’ वाचताच आपल्याला हात तुटलेला थोटा माणूस आठवतो. ‘थोअट’ लिहावे.

पाने कमी करायचीच असतील तर अपहरण, पाठलाग, सुटका यांच्या पुनरावृत्तीला हात घालावा. एक फेरी गेली तरी काही बिघडत नाही.

हे एकट्या बरोज यांच्यापुरते नाही. जॅक व्हान्स यांच्या ‘बिग प्लॅनेट’मध्ये (१९५२) ग्रह अवाढव्य आहे, पण धातू इतके कमी की घनता घटते आणि माणसाला पेलवेल एवढेच वजन राहते. लोखंड तिथे दौलत आहे ते त्याचमुळे. ती दोन वाक्ये गेली तर लोखंडासाठीचा सगळा हव्यास निराधार होतो.

शेवटचे, प्रकाशकांसाठी. बरोज यांच्या पहिल्या तीन मंगळकादंबऱ्या मिळून एकच कथा आहे. दुसरी संपते तेव्हा नायिका एका फिरत्या कोठडीत बंद झालेली असते आणि ती कोठडी मंगळाच्या वर्षातून, म्हणजे आपल्या ६८७ दिवसांतून, एकदाच उघडते. तिसऱ्या भागाचे हस्तलिखित हातात आल्याशिवाय दुसरा छापायला घेऊ नये.

आपला,
एक वाचक