'हेक्सन' वाळपईपर्यंत येऊ द्या

मा. संपादक,

२००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो, पण पणजीबाहेरच्यांना त्यातले किती मिळते? निदान एक जुना मूकपट सत्तरी तालुक्यातल्या शाळांत दाखवावा, ही माझी कळकळीची विनंती. बेंजामिन ख्रिस्टेन्सन या डॅनिश दिग्दर्शकाचा 'हेक्सन' (१९२२) हा चेटकिणींवरचा माहितीपट. सैतान खुद्द दिग्दर्शकानेच रंगवला आहे. सैतानाचे मेळे पाहून मुले हरखतील, पण खरे पाहायचे ते म्हाताऱ्या मारियाचे प्रकरण. छापखानेवाला आजारी पडतो आणि दारी अन्न मागायला आलेल्या तिच्यावर आळ येतो. छळ असह्य होऊन ती सगळे कबूल करते, आणि ज्या घराने तिला पकडून दिले त्याच घरातल्या बायकांची नावे घेते.

आमच्या वाड्यावर एका विधवेचे असेच झाले. शेजाऱ्यांची म्हैस आटली. घाड्याने, म्हणजे देवाला विचारून दोष सांगणाऱ्याने, कौल लावून 'उगवतीकडची बाई' एवढेच सांगितले, आणि उगवतीला घर तिचे एकटीचे. तिची कळशी विहिरीवर टेकू देईनात. नातीच्या बारशाला कोणी फिरकले नाही, ओटीचे नारळ तसेच राहिले. हे अजून आठवले की माझा संताप होतो.

१५६० साली आलेल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, जाच १८१२ पर्यंत सोसलेल्या गोव्याला जबरीचा कबुलीजबाब परक्याने शिकवायला नको.

छळाची दृश्ये असल्याने नववीच्या खालच्या मुलांना मात्र दाखवू नये. पडद्यावरच्या पाट्या मराठीतून वाचून दाखवायला मी येईन.

– एक निवृत्त शिक्षिका, वाळपई