गम फ्लॅपवर नको, पिशवीच्या अंगावर द्या

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : पट्टी सोलून चिकटवायच्या साडीच्या पिशव्यांमुळे दोन साड्या खराब झाल्याबद्दल भरपाई, उरलेला माल परत घेणे आणि पिशवीच्या रचनेत बदल करणे याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते आणि गेली नऊ वर्षं घरातूनच महेश्वरी साड्या विकते. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटरवर. महिन्यातून दोनदा तिथे जाऊन विणकरांच्या घरून साड्या आणायच्या, एकेक उलगडून उजेडात बघायची, पुन्हा घडी घालायची, पिशवीत भरायची आणि पुणे, नागपूर, बडोदा, जिथून ऑर्डर असेल तिकडे कुरिअरने रवाना करायची, एवढाच माझा व्यवसाय. दुकान नाही, नोकर नाही. मी आणि माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, अशा आम्ही दोघीच.

तुमच्याकडून मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात २,००० पिशव्या घेतल्या. बीओपीपी नावाच्या प्लॅस्टिकच्या, पारदर्शक, १४ बाय १६ इंच, वर दीड इंचाचा फ्लॅप आणि फ्लॅपच्या आतल्या बाजूला गमची पट्टी. पांढरी पट्टी सोलायची, फ्लॅप दुमडायचा, दाबायचा, झालं. दर ३ रुपये ६० पैसे, एकूण ७,२०० रुपये, पैसे आगाऊ. आमच्या इंदूरकडे अशा पिशवीला सरसकट 'पन्नी' म्हणतात आणि पन्नीबद्दल एवढं मोठं पत्र कोण लिहितं, असं आपल्याला वाटेल. पण त्या पन्नीत काय असतं ते मी आधी सांगते, म्हणजे तक्रार कशाची आहे ते कळेल.

मे महिन्यात पुण्याच्या एका ताईंनी सुनेच्या डोहाळजेवणासाठी हिरवी महेश्वरी मागवली. महेश्वरीत ताणा म्हणजे उभे धागे रेशमाचे आणि बाणा म्हणजे आडवे धागे सुताचे, म्हणून ती इतकी हलकी असते. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा, 'बुगडी'चा. पदरावर जुन्या पद्धतीच्या पाच पट्ट्या, तीन रंगीत आणि दोन पांढऱ्या. ही साडी एका विणकर जोडप्याने आठ दिवस बसून विणली होती. मी स्वतः मागावर तिचा पदर उतरताना पाहिला होता.

साडी पोहोचली त्या संध्याकाळी ताईंचा फोन आला. आवाजातच कळलं. "मी काही ओढाताण केली नाही हो," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, जणू चूक त्यांचीच होती. मग त्यांनी व्हिडिओ पाठवला. घडी अर्धी पिशवीबाहेर, पदर वर, आणि पदरातली दुसरी पांढरी पट्टी फ्लॅपच्या गमला घट्ट चिकटलेली. सोडवायला गेल्या तर रेशमाचे धागे गमबरोबर वर उचलले गेले. साडेतीन-चार इंचांच्या पट्ट्यात विणकामाला खेच बसली, जरीचे धागे वाकडे झाले आणि पांढऱ्यावर गमचा पिवळसर डाग उरला. डोहाळजेवण तिसऱ्या दिवशी होतं.

मी पैसे परत केले, साडी परत मागवली. बर्फाने गम कडक करून नखाने हळूहळू काढला, थोडा निघाला. ड्रायक्लीनरने सांगितलं की औषध लावून डाग फिका होईल, पण जरीची खात्री देत नाही. रफू करणाऱ्या चाचांनी भिंग लावून पाहिलं आणि मान हलवली. खेचलेला धागा मागे ढकलता येतो, पण बाण्याची रांग पुन्हा सरळ बसत नाही, म्हणाले. पंधरा दिवसांनी नागपूरहून तस्सीच दुसरी साडी परत आली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की यात ताईंचाही दोष नाही आणि नशिबाचाही नाही.

दोष गमच्या जागेत आहे.

कृपया तुमची एक पिशवी हातात घ्या आणि बघा. फ्लॅप म्हणजे पिशवीच्या मागच्या भिंतीचाच वर वाढवलेला भाग. गम त्याच्या आतल्या तोंडावर. आता साडी बाहेर काढायची तर ती कुठून घसरत येणार? मागच्या भिंतीवरूनच. म्हणजे बाहेर पडणारी प्रत्येक घडी त्या उघड्या गमवरूनच सरकते. भरताना पट्टी सोललेली नसते म्हणून भरणाऱ्याला काही जाणवत नाही. त्रास होतो तो काढणाऱ्याला, म्हणजे नेमका आमच्या गिऱ्हाइकाला. काच, स्टील किंवा पुठ्ठ्याची वस्तू असती तर चिकटून सुटलीही असती. विणलेल्या कापडाला मात्र सुटताना धागा द्यावा लागतो.

मी घरी करून पाहिलं. एक जुनी रेशमी-सुती ओढणी साडीसारखी घडी घातली आणि तुमच्या दहा पिशव्यांत एकेकदा भरून, बंद करून, नेहमीसारखी बाहेर काढली. सात वेळा गमला लागली. त्यातल्या दोन वेळा मी मुद्दाम सावकाश काढत होते. नंतर दुसऱ्या दहा पिशव्या घेऊन फ्लॅप पूर्ण मागे दुमडून धरला आणि मग काढली, तेव्हा एकदाच लागली. तुमच्या प्रतिनिधीने फोनवर नेमका हाच सल्ला दिला होता, "मॅडम, गिऱ्हाइकाला फ्लॅप मागे धरायला सांगा." एका हाताने फ्लॅप, दुसऱ्या हाताने पिशवी, मग साडी कोणत्या हाताने काढायची? आणि मी साडीबरोबर पिशवी उघडण्याच्या सूचना छापून पाठवू का?

त्याच प्रतिनिधीचं दुसरं वाक्य मला जास्त लागलं. ते म्हणाले, "गम तर आम्ही आधीपेक्षा चांगला केलाय, अजिबात सुटत नाही." गम जोरदार आहे हे मला मान्य आहे. पण जोर कुठे लागायला हवा? फ्लॅप आणि पिशवी यांच्यामध्ये. पदराला जितका जोरदार गम लागेल तितकं नुकसान मोठं.

सांवेर रोडच्या औद्योगिक भागात माझ्या माहेरच्या ओळखीचे एक काका पिशव्या छापतात. त्यांच्याकडे तुमची पिशवी घेऊन गेले. त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, चित्रं आणि फोटोचे प्रिंट ठेवायला ज्या पारदर्शक पिशव्या येतात त्यातल्या काहींमध्ये गम फ्लॅपवर नसतोच. तो असतो समोरच्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूने, तोंडाच्या जरासा खाली. फ्लॅप पूर्ण कोरडा. तो दुमडून खाली आणला की त्या गमवर बसतो. उघडल्यावर गम पिशवीच्या अंगावरच राहतो आणि आतली वस्तू कोऱ्या फ्लॅपवरून सरकून बाहेर येते. चित्राच्या कागदाला गम लागू नये म्हणून हे सुचलं. मग साडीसाठी का सुचू नये? काकांनी त्यांच्याकडच्या वीस-पंचवीस तशा पिशव्या मला दिल्या. त्याच ओढणीची घडी मी दहा वेळा काढली, एकदाही लागली नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. हा गम कधी वाळत नाही, दाबावर चिकटतो, आणि गरम करून लावायच्या जातीचा असेल तर तापल्यावर पुन्हा मऊ पडतो. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि बंद कुरिअर गाडीत तर त्याहून जास्त तापतं. तुमच्या पिशव्यांचा गठ्ठा मी वरच्या खोलीत ठेवला होता. आठवड्याभरात पांढऱ्या पट्टीच्या कडेने गम केसाएवढा बाहेर आला. एका पिशवीचा फ्लॅप दुसरीला चिकटला. वेगळ्या करताना चार पिशव्या फाटल्या, म्हणजे पट्टी सोलायच्या आधीच गम बाहेर होता. भरतानासुद्धा काठाला तो लागत असणार, आम्हाला दिसला नाही इतकंच. उन्हाळ्यात माल आमच्या भागात पाठवायचा तर गमची जात आणि पट्टीची रुंदी त्या हिशेबाने हवी. पांढरी पट्टी गमपेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर जास्त रुंद ठेवली असती तरी एवढं झालं नसतं.

आणि आता सासूबाईंचं. पॅकिंग त्या करतात, मी नको म्हटलं तरी करतात. तुमच्या पट्टीला धरायला टोक नाही. पट्टी बरोबर गमएवढी कापलेली, फ्लॅपच्या कडेला कडा मिळवून. वय झालेल्या बोटांची नखं पातळ असतात, त्यांना ती सुटत नाही. सात-आठ वेळा कोपरा खरवडायचा, मग गमही पट्टीबरोबर अर्धा उचलला जायचा. शेवटी त्यांनी शिवणाच्या डब्यातलं ब्लेड घेतलं. रेशमी साडीपासून बोटभर अंतरावर ब्लेड! मी ते पाहिलं त्या दिवसापासून पट्ट्या मीच सोलते. जुन्या पुरवठादाराच्या पिशवीत पट्टीचा एका बाजूचा अर्धा सेंटिमीटर भाग गमशिवाय मोकळा असायचा, चिमटीत धरला की सर्रकन निघायची. तो मोकळा भाग ठेवायला किती खर्च येतो, ते तुम्हीच सांगू शकाल. तो नसल्यामुळे आमचं काय होतं, ते मी सांगितलं.

सोललेल्या पट्ट्यांचंही एक आहे. आमच्या शहरात घरोघरी कचरा वेगळा करून द्यावा लागतो आणि आम्ही तो मनापासून देतो. ही पट्टी कागदासारखी दिसते, पण वर सिलिकॉनचा थर असल्यामुळे ती साध्या कागदाच्या रद्दीत चालत नाही. पाकिटावर एक ओळ छापलीत तर बरं होईल.

माझी मागणी अशी आहे. शिल्लक १,३६० पिशव्या तुमच्या खर्चाने परत न्याव्यात आणि त्यांचे ४,८९६ रुपये द्यावेत. पुण्याच्या साडीचे ५,४०० आणि नागपूरच्या साडीचे ३,९००, तसंच दोन्ही साड्यांच्या परतीच्या कुरिअरचे २४० रुपये द्यावेत. एकूण १४,४३६ रुपये. बिलं, व्हिडिओ आणि दोन्ही ग्राहकांचे संदेश मी आपल्या तक्रार क्रमांकावर आधीच पाठवले आहेत. खराब झालेल्या साड्या माझ्याकडे जपून ठेवल्या आहेत, आपला माणूस केव्हाही येऊन पाहू शकतो.

"तुम्ही व्यापारी आहात, ग्राहक नाही," असंही मला सांगण्यात आलं. ते बरोबर नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेला माल वगळला आहे हे खरं, पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू त्या व्यापारी हेतूत धरत नाहीत, हेही त्याच कायद्यात लिहिलं आहे. शिवाय तक्रार मी जिथे राहते तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, तुमच्या गावी यावं लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी अजून फोन केलेला नाही. पत्र मिळाल्यापासून तीस दिवस मी वाट पाहीन.

मात्र खरं सांगते, पैसे मिळाले आणि पिशवी तशीच राहिली, तर माझं निम्मंच काम झालं. महेश्वरी, चंदेरी, पैठणी विकणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी बायका घरातून हा व्यवसाय करतात. त्यांच्यापैकी कुणाला उद्या तुमच्याकडून याच पिशव्या जातील आणि कुणाचातरी पदर असाच चिकटेल. विणकराच्या घरी जाऊन हे सांगणं फार जड जातं. मी सांगितलं तेव्हा ती विणकर बाई काही बोलली नाही. साडी मांडीवर घेऊन त्या पांढऱ्या पट्टीवरून नुसता अंगठा फिरवत राहिली.

म्हणून साडीच्या मापाच्या पिशव्यांत तरी गम समोरच्या भिंतीवर बाहेरून द्या, पट्टीला धरायला मोकळं टोक ठेवा आणि उन्हाला टिकणारा गम वापरा. नवा नमुना तयार झाला तर पन्नास पिशव्या मला पाठवा. मी आणि सासूबाई त्या वापरून पाहू आणि जसं असेल तसं लिहून कळवू, त्याचे पैसे नकोत.

सोबत दोन पिशव्या जोडल्या आहेत. 'अ' लिहिलेली तुमची आहे, तिच्या गमवर हिरव्या साडीचे रेशमाचे धागे अजून आहेत, कृपया ते पुसू नका. 'ब' लिहिलेली काकांकडची आहे. आपल्या रचना विभागातल्या कुणी दोन्हींत स्वतःच्या घरची एखादी रेशमी साडी भरून, बंद करून, बाहेर काढून पाहावी. 'अ' आधी नको, 'ब' आधी घ्या.

कळावे,
आपली ग्राहक,
राजेंद्रनगर, इंदूर