नामाचं काय ठरलं

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय सुध्या,

मी रचतोय त्या नव्या भाषेतली नामं कशी चालतात, असं विचारलं होतंस. ऐक.

धातू अरबीसारखा, तीन व्यंजनांचा. गायकवाडी कागदांमुळे ह-क-म तर आपल्या घरातलाच : हुकूम, तो देणारा हाकीम, तो जिथून सुटतो तो महकमा. माझा प-न-र उजेडाचा. पनर म्हणजे दिवा, पोनेर दिवा लावणारा, मपनार दिव्याचा कोनाडा. देवनागरीत लिहून बघ, अक्षरं जागची हलत नाहीत, मात्रा तेवढ्या फिरतात. फार देखणं दिसतं!

अनेकवचनही आतूनच. ‘अमीर-उमराव’ म्हणतो ना आपण? त्यातला उमराव हे अमीरचंच अरबी अनेकवचन. अरबीत असे साचे पुष्कळ आहेत, मी दोनच घेतले : वस्तूंना अपनार (दिवे), माणसांना पुनरा (दिवा लावणारे). संस्कृतातलं द्विवचन मराठीनं सोडलं, मी ठेवलंय, पण जोडीनंच असणाऱ्या गोष्टींपुरतं. पनरैन म्हणजे देवापुढच्या दोन समया.

खरा जीव अडकलाय तो षष्ठीत. ‘घोड्याचा लगाम’ म्हणताना आपण घोड्याचं रूप बदलतो, लगाम तसाच. हिब्रूत उलटं, बदलते ती वस्तू. मल्का म्हणजे राणी, पण शेबाची राणी म्हटलं की ‘मल्कत शेबा’, एरवी गळालेला त परत येतो. मीही तेच केलं : पनरा म्हणजे ज्योत, पनरत एम म्हणजे आईची ज्योत. पुल्लिंगी नामाचा पहिला स्वर जातो, म्हणून आईचा दिवा प्नर एम. जोडाक्षर दिसलं की समजायचं, मागून धनी येतोय.

विभक्ती ठेव म्हणाला होतास. मेसोपोटेमियातल्या प्राचीन अक्कडी भाषेतलं शर्रुम (राजा), शर्रिम (राजाचा), शर्रम (राजाला) मलाही मोहात पाडतं. पण अरबीच्या बोलींत ते अंत्यस्वर गळालेच, आणि माझ्या वाक्यात आधी क्रियापद, मग कर्ता, मग कर्म असा क्रम पक्का आहे. तेव्हा विभक्ती नाहीत.

आता अडलंय एका जागी. दिवा आणि धनी यांच्यामध्ये मी काहीच येऊ देत नाही, विशेषण शेवटी. ‘आईचा जुना दिवा’ निभावतो, कारण लिंगावरून कळतं. ‘बापाचा जुना दिवा’मध्ये मात्र दोघेही पुल्लिंगी, मग जुना कोण? संदर्भावर सोडू, की विशेषणालाही वेगळं रूप देऊ? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. तुझं मत कळव, त्याशिवाय पुढचं लिहीत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अन्या