मोठ्या फाइलसाठी अख्खी डिस्क घुसळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणक मंद झाला की ‘डीफ्रॅग करा’, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे जुळवून सलग करा, हा सल्ला संगणकविषयक सदरांतून आजही सरसकट दिला जातो. लग्नाचे चित्रीकरण करणारे, फोटो स्टुडिओवाले, छापखानेवाले यांच्या वीस-चाळीस जीबीच्या फाइली फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर असतात. सल्ला वाचून ते रात्रभर डीफ्रॅग लावून ठेवतात. सकाळी विंडोज ‘० टक्के विखुरलेले’ असे दाखवते आणि व्हिडिओ मात्र तसाच अडखळतो.

याचे कारण त्या टक्केवारीतच आहे. ती अख्ख्या डिस्कची असते. ४ टीबीच्या डिस्कवर २० जीबीची एक फाइल म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. तिचे कितीही तुकडे झाले तरी आकड्यात ते दिसत नाही. शिवाय विंडोज ६४ एमबी आणि त्याहून मोठा तुकडा विखुरलेला मानतच नाही. अनेकांना ही पळवाट वाटते, पण हिशेब केला तर ती अगदी योग्य आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची तबकडी एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, आणि हेड सरकायला साधारण ९. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायच्या एका उडीचे झाले १३ मिलिसेकंद. सलग वाचनाचा वेग सेकंदाला १५० एमबी धरला तर २० जीबीची फाइल सव्वादोन मिनिटांत वाचून होते. तिचे ६४ एमबीचे ३२० तुकडे असतील तर उड्यांत चार सेकंद जास्त जातात. कोणाच्या लक्षातही येणार नाही. तेच तुकडे ६४ केबीचे असतील तर त्यांची संख्या ३ लाख २७ हजारांवर जाते आणि नुसत्या उड्यांना ७१ मिनिटे लागतात. वेग सेकंदाला ५ एमबीच्या खाली येतो. सेकंदाला १०० मेगाबिटच्या ४के चित्रीकरणाला साडेबारा एमबी हवे असतात, मग ते अडखळणारच.

म्हणून आधी ती एक फाइल मोजावी. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातले ‘कॉन्टिग’ हे मोफत साधन यासाठीच आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, कॉन्टिगला ‘-ए’ (contig -a) जोडून फाइलचा पूर्ण पत्ता द्यायचा. तुकड्यांची संख्या समोर येते. फाइलच्या आकाराला त्या संख्येने भागा. तुकडा सरासरी दहा-वीस एमबीचा किंवा त्याहून मोठा निघाला तर डीफ्रॅगचा विषय सोडून द्या आणि दोष दुसरीकडे शोधा. डिस्क जुन्या यूएसबी २ पोर्टला जोडली असेल तर वेग ३५-४० एमबीच्या वर जात नाही. डिस्क भरत आली असेल तर फाइल तबकडीच्या आतल्या पट्ट्यांवर जाते आणि तिथे वेग बाहेरच्या पट्ट्यांच्या जवळजवळ निम्मा असतो.

तुकडा काही केबींचा निघाला तर ‘-ए’ काढून तीच आज्ञा पुन्हा द्या. कॉन्टिग तेवढीच फाइल जुळवते. पण ४० जीबीची फाइल एकसंध व्हायला ४० जीबी सलग मोकळी जागा लागते. एकूण मोकळी जागा २०० जीबी असूनही ती चिंध्यांसारखी पसरली असेल तर उपयोग नाही. अशा वेळी विंडोजच्याच डीफ्रॅग आज्ञेला ‘/एक्स’ (defrag /X) जोडून आधी मोकळी जागा एकत्र करावी. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करणे, विंडोजमधल्याच ‘सर्टयूटिल’च्या ‘-हॅशफाइल’ (certutil -hashfile) आज्ञेने दोन्ही प्रतींची एसएचए२५६ बेरीज, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून निघणारी खूणसंख्या, जुळते का ते पाहणे, मग मूळ फाइल पुसून प्रत परत आणणे. विंडोजला कॉपी करताना पूर्ण आकार आधीच ठाऊक असतो, त्यामुळे सलग जागा असेल तर फाइल सलगच उतरते. वर एक बॅकअपही हाती राहतो.

हल्लीच्या बऱ्याच स्वस्त पोर्टेबल डिस्कसाठी तर हाच मार्ग बरा. त्यांत एसएमआर पद्धतीने पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधले एक कौल बदलायचे तर पुढची ओळ उचलावी लागते, तसे थोडेसे लिहायलाही पट्ट्यांचा अख्खा गट पुन्हा लिहावा लागतो. तिथे डीफ्रॅग तासन् तास रेंगाळते.

लाखभर तुकडे होतात ते बहुधा दोन चुकांमुळे. एक, काठोकाठ भरलेल्या डिस्कवर एकाच वेळी दोन-तीन फाइली वाढत राहणे: रेकॉर्डिंग चालू, त्याच डिस्कवर एक्स्पोर्टही चालू. दोन, ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधली जागा वाचवण्यासाठी कॉम्प्रेस करण्याची खूण. एनटीएफएस ही विंडोजची फाइली साठवण्याची पद्धत ६४ केबीच्या घासाने कॉम्प्रेस करते आणि फाइलची शकले होतात. व्हिडिओ आधीच दाबलेला असल्याने जागाही वाचत नाही. ती खूण काढाच. व्हिडिओसाठी नवी डिस्क घेतली तर फॉरमॅट करताना क्लस्टर, म्हणजे फाइलला दिल्या जाणाऱ्या जागेचा सर्वांत लहान घटक, ४ ऐवजी ६४ केबीचा निवडावा; तुकडा त्याहून लहान होऊच शकत नाही आणि हे कॉम्प्रेशनही आपोआप बंद राहते. फॉरमॅटने सगळे पुसले जाते, म्हणून हे रिकाम्या डिस्कवरच.

तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीला यातले काहीही लागू नाही. तिथे हेड नाही, उडी नाही. कॉन्टिग चालवून फक्त लिहिण्याचे आयुष्य खर्च होते. विंडोज ८ पासून ‘ऑप्टिमाइझ’ एसएसडी ओळखून तिला ट्रिमची, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याची, सूचना देते, तेवढे पुरे. आपल्या पुरवणीत डीफ्रॅगवर काही छापून आले तर हा फरक पहिल्याच वाक्यात यावा, ही विनंती.

आणि कोणतीही जुळवाजुळव करण्यापूर्वी डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनात ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ची कच्ची किंमत पाहा. ती शून्य नसेल तर काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे, वाचता येत नाहीत असा अर्थ. डीफ्रॅग अशा डिस्कला तासन् तास वाचायला-लिहायला लावते आणि उरलीसुरली माहितीही हातची जाऊ शकते. ती डिस्क डीफ्रॅग करू नका, विंडोजचे डिस्क तपासून दुरुस्त करणारे ‘चेकडिस्क’ही लावू नका. सगळ्यात महत्त्वाच्या फाइली आधी, मग बाकीच्या, दुसरीकडे कॉपी करा.

आपला,
एक वाचक