लांब गाइड रॉड म्हणजे पक्का नेम नव्हे

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतील पिस्तुलांवरील लेखात ‘गाइड रॉड जितका लांब, तितका नेम पक्का’ असे सुचवले आहे, ते पटले नाही. गाइड रॉड म्हणजे स्लाइडला (पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाला) पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगच्या आतला दांडा. अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या १९११ च्या पिस्तुलात हा रॉड जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा असतो, कारण स्प्रिंगचे पुढचे टोक टोपणासारख्या प्लगमध्ये बसते. पूर्ण लांबीचा रॉड नंतर बाजारात आला; त्याने स्प्रिंग आत वाकत नाही हे खरे, परंतु नेम मुख्यतः नळी, बुशिंग (नळीचे तोंड धरणारे कडे) आणि स्लाइड एकमेकांत किती घट्ट बसतात यावर ठरतो. शिवाय दोन तुकड्यांचा रॉड खोलायला बहुधा षट्कोनी पाना लागतो (परभणीच्या मे महिन्यात घामट बोटांनी तो धरून पाहावा!). ईशापूरच्या (प. बंगाल) कारखान्यातील ९ मिमी पिस्तुलात मात्र स्लाइड उतरली की रॉड आणि स्प्रिंग नुसत्या हाताने निघतात.

– एक निवृत्त आर्मरर (शस्त्रदुरुस्ती कारागीर), परभणी