जुन्या घरात पहिला खर्च पाण्याच्या बंदोबस्तावर व्हावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखादे जुने, पडीक घर भोवतालच्या तुकडाभर जमिनीसह घ्यायचे, ते राहण्याजोगे करायचे आणि तिथेच भाजीपाला, चार फळझाडे, थोड्या कोंबड्या असा आटोपशीर पसारा मांडायचा, या विषयावर आपल्या पुरवणीत अलीकडे आलेले लेख मी आवडीने वाचले. लेख हुरूप देणारे आहेत. मात्र त्यांत कामांचा जो क्रम दिसतो, म्हणजे आधी रंग, फरशी आणि स्वयंपाकघर, मग वाफे आणि खुराडे, आणि छपराची गळती तेवढी पुढच्या वर्षावर, तो क्रम उलटा आहे, असे इमारतींच्या दुरुस्तीशी दीर्घकाळ संबंध आलेला माणूस म्हणून मला स्पष्टपणे मांडावेसे वाटते. जुन्या घराची सर्वाधिक नासाडी पाण्याने होते आणि जमिनीची सर्वांत मोठी गरजही पाण्याचीच असते. म्हणून हाताशी असलेला पहिला पैसा पाणी घराबाहेर घालवण्यावर आणि तेच आवारात अडवून ठेवण्यावर खर्च व्हायला हवा.

सुरुवात अर्थातच छपरापासून. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली राहिले, तर ते कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. शतकापूर्वीचे वासे आणि तुळया आजही ठणठणीत सापडतात, ते एवढ्याच कारणाने. याउलट एक फुटकी पन्हळ किंवा सरकलेले कौल दोन-तीन वर्षांत तुळईचे भिंतीत गेलेले टोक पोकळ करू शकते, आणि ते टोक बाहेरून दिसत नसल्यामुळे नुकसान लक्षात येते तेव्हा तुळईच बदलावी लागते. घर घेण्यापूर्वी ते एकदा तरी भर पावसात पाहावे. पागोळ्या कुठे पडतात, पाणी जोत्याशी साचते की दूर वाहून जाते, हे कोरड्या दिवशी कोणीही सांगू शकत नाही. छपरानंतर लगेच जोत्याभोवतालच्या जमिनीचा उतार घ्यावा. भिंतीपासून पहिल्या तीन मीटरमध्ये जमीन साधारण 15 सेंटिमीटर उतरती असली, की पायाकडे जाणारे बरेचसे पाणी आपोआप बाहेर वळते. वर्षानुवर्षे साचलेल्या मातीने जोते बुजले असेल, तर ती माती काढणे हे फावड्याचे काम आहे आणि त्यासाठी कोणत्याही महागड्या रसायनाची गरज नाही.

खरी गफलत होते ती भिंतींच्या बाबतीत. जुन्या दगडी किंवा विटांच्या भिंती बहुधा चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असतात. पोर्टलंड सिमेंटचे, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटचे, पेटंट इंग्लंडमधील जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी 1824 मध्ये घेतले आणि घरोघरच्या बांधकामात ते पोहोचायला त्यानंतरही बराच काळ गेला. चुन्याची भिंत थोडी ओल घेते आणि ऊन-वारा मिळताच ती बाहेर टाकते; तिचे सारे आरोग्य या देवघेवीवर अवलंबून असते. अशा भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला, की आत शिरलेली ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते, ती वर चढू लागते, क्षार पृष्ठभागाशी येऊन लोणा धरतो आणि काही वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे दगड-विटांचा थर सोबत घेऊन सुटू लागतात. मग घरमालक आणखी जाड सिमेंट आणि त्यावर पाणीरोधक रंग लावतो. हा औषधाने आजार वाढवण्याचा प्रकार आहे. दरजा, म्हणजे दगड-विटांमधल्या सांधफटी, भरण्याचा मसाला नेहमी भिंतीच्या दगड-विटांपेक्षा मऊ असावा, म्हणजे झीज झाली तर ती दरजेची होते आणि दरज पुन्हा भरता येते. झिजलेली वीट मात्र परत मिळत नाही.

चुन्याला वेळ लागतो, हा आक्षेप खरा आहे. चुनखडी साधारण 900 अंश सेल्सियसला भाजून मिळालेली कळी (न विझवलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात विझवली, की लावलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो, आणि ही क्रिया ढोबळमानाने महिन्याला एखादा मिलिमीटर इतक्या सावकाश आत सरकते. म्हणून गिलावा पातळ थरांत द्यावा, कडक उन्हापासून झाकावा आणि काही दिवस हलका ओलसर ठेवावा. सतत दमट राहणाऱ्या जागी साधा चुना टिकत नाही. तिथे विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, मिसळलेला किंवा पाण्यातही घट्ट होणारा चुना वापरतात. इंग्रज अभियंते जॉन स्मीटन यांनी 1756 च्या सुमारास इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील एडिस्टन दीपगृहासाठी प्रयोग करून दाखवले होते, की ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो तिचा चुना पाण्याखालीही धरतो. (चुना विझवताना तो उसळतो आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते, चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय हे काम कोणालाही करू देऊ नये.) गवंड्याशी ठरवतानाच बाहेरच्या भिंतीवर सिमेंट वापरायचे नाही, हे लेखी घ्यावे आणि आधी एका कोपऱ्यात नमुना करून पाहावा.

भेगांविषयी थोडक्यात सांगतो. प्रत्येक भेग धोक्याची नसते. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवून तिच्यावर तारीख लिहावी. काही महिन्यांनी काच अखंड असेल तर भिंत स्थिरावलेली आहे, तडकली असेल तर जाणकार अभियंत्याला बोलवावे. तोवर भेग लांबी (पुट्टी) लावून बुजवणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय.

आवारातील जुनी विहीर किंवा आड हे मोठेच धन आहे, पण त्याबद्दल दोन गोष्टी कळकळीने सांगाव्याशा वाटतात. पहिली म्हणजे, वापरात नसलेल्या विहिरीत किंवा मैलाटाकीत कोणीही सहज उतरू नये. तिथे प्राणवायू कमी असू शकतो आणि हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू साचलेला असू शकतो, ज्याचा वास जास्त प्रमाणात असताना नाकाला जाणवेनासा होतो. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही, कारण माणसाला मारण्याइतका विषारी वायू असतानाही ज्योत विझत नाही आणि मिथेन असेल तर भडका उडू शकतो. खाली पडलेल्याला वाचवायला उतरलेले लोकही अशा वेळी दगावतात. दुसरी गोष्ट म्हणजे, पाणी स्वच्छ दिसले तरी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे नायट्रेट 50 मिलिग्रॅम, फ्लोराइड 1.5 मिलिग्रॅम आणि आर्सेनिक 0.01 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण हे घटक जात नाहीत; उलट पाण्याची वाफ झाल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच. घरात बाटलीने दूध पिणारे तान्हे मूल असेल, तर नायट्रेटची तपासणी टाळूच नये.

आता छपरावरून उतरणारे पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. म्हणजे 100 चौरस मीटरच्या छपरावर 25 मिलिमीटरची एक सर आली, तर 2,500 लिटर पाणी पडते आणि गळती, उडणे वगैरे वजा जाता सुमारे 2,000 लिटर टाकीत येते. सुरुवातीचे धूळ, पाने आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येणारे पाणी वेगळे काढून टाकावे. छपरावर शिशाच्या पट्ट्या किंवा शिसेयुक्त जुना रंग असेल, तर ते पाणी पिण्यासाठी मुळीच वापरू नये. त्याच कारणाने जुना रंग कोरडा घासून काढू नये आणि वळचणीखालच्या मातीत पालेभाजी लावण्यापूर्वी त्या मातीत शिसे आहे का, ते तपासावे. अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील, तर ते फोडण्या-कापण्याच्या भानगडीत स्वतः पडू नये.

बाग किती मोठी असावी, हे जमिनीच्या क्षेत्रावरून ठरवण्याची पद्धत मला चुकीची वाटते. ते कोरड्या महिन्यांत हाताशी राहणाऱ्या पाण्यावरून ठरावे. भाजीपाल्याला सर्वसाधारणपणे आठवड्याला 25 मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे 40 चौरस मीटरच्या वाफ्यांना आठवड्याला 1,000 लिटर. दहा हजार लिटरची भरलेली टाकी या हिशेबाने दहाच आठवडे पुरते. दहा कोंबड्या दिवसाला दोन-तीन लिटर पाण्यात भागवतात, तर चांगल्या दुभत्या गाईला एकटीला 60 ते 100 लिटर लागू शकते, हे गाय आणण्यापूर्वी मांडून पाहावे. वाफ्यांवर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन आणि मातीत कुजलेले खत असले, तर हाच साठा बराच लांबतो. उताराला आडवे चर आणि लहान बांध घातले, तर टाकी भरून वाहिल्यानंतरचे पाणीही जमिनीत मुरते, फक्त असा चर घराच्या पायालगत नको. विहिरीच्या वरच्या अंगाला सांडपाण्याचा शोषखड्डा कधीही खणू नये.

इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली, तेव्हा त्यांचा आग्रह इमारत ‘नव्यासारखी’ करण्यापेक्षा वेळच्या वेळी डागडुजी करत राहण्याचा होता. राजवाडे आणि प्रार्थनास्थळांइतकाच तो साध्या घरालाही लागू पडतो, शिवाय परवडणाराही आहे, कारण पन्हळीतला पाला काढण्याचा खर्च नव्या तुळईच्या मानाने नगण्य असतो.

आपल्या पुरवणीस विनंती अशी, की यापुढे अशा घरांविषयी लिहिताना सजवलेल्या ओसरीच्या छायाचित्रासोबत छपराचे क्षेत्रफळ, टाकीची क्षमता, भिंतीला वापरलेला मसाला, पाण्याच्या तपासणीचा अहवाल आणि कामे कोणत्या क्रमाने केली, ही माहितीही छापावी. शक्य झाल्यास त्याच घराला दोन-तीन पावसाळ्यांनंतर पुन्हा भेट देऊन काय टिकले आणि काय उखडले, तेही वाचकांना सांगावे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक