टेबलावरच्या फोनचे फर्मवेअर कोणाच्या जबाबदारीत?

महोदय,

वाळूज-शेंद्र्यातले कारखाने, लातूर-नांदेडची रुग्णालये, पतसंस्थांच्या शाखा अशा अनेक ठिकाणी जुन्या इंटरकॉमच्या जागी संगणकाच्या नेटवर्कवर चालणारे आयपी फोन आले आहेत. संगणकात अँटिव्हायरस आहे का, हे सगळे विचारतात. फोनमधल्या फर्मवेअरची, म्हणजे फोन चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरची, चौकशी सहसा होत नाही. वास्तविक हा फोन माइक असलेला छोटा संगणकच आहे.

२०१९ मध्ये मॅकॅफी या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना अवाया कंपनीच्या ९६०० मालिकेतल्या फोनमध्ये एक त्रुटी सापडली. नेटवर्ककडे आयपी पत्ता मागणाऱ्या प्रोग्रामला त्याच नेटवर्कवरून मुद्दाम बिघडवलेले उत्तर पाठवले, की फोनचा ताबा मिळत होता. मूळ प्रोग्राममध्ये ही त्रुटी २००९ सालीच दुरुस्त झाली होती, फोनमध्ये मात्र जुनी प्रत तशीच राहिली. मार्च २०२३ मध्ये सिस्कोच्या ६८००, ७८०० आणि ८८०० मालिकांतल्या काही फोनच्या वेब पानात लॉगिनशिवाय पूर्ण ताबा देणारी त्रुटी जाहीर झाली. तिच्यासाठी अपडेट आले. सोबत जाहीर झालेली, फोन बंद पाडणारी दुसरी त्रुटी ७९०० मालिकेतही होती. त्या मालिकेचा सपोर्ट संपल्यामुळे तिला अपडेट मिळालेच नाही. जुने फोन स्वस्तात घेणाऱ्यांनी आधी सपोर्ट संपण्याची तारीख पाहावी.

तपासणी सोपी आहे. फोनच्या मेनूत ‘स्टेटस’मध्ये फर्मवेअरची आवृत्ती आणि आयपी पत्ता दिसतो. आवृत्ती कंपनीच्या संकेतस्थळाशी ताडून पाहावी. तो पत्ता कुठल्याही टेबलावरच्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकून लॉगिनचे पान उघडले, तर फोन वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या स्वतंत्र केलेल्या भागावर) नाहीत किंवा दोन भागांतली ये-जा अडवलेली नाही, असे समजावे. त्यात ॲडमिन-ॲडमिन चालले, तर पुढे बोलायलाच नको! गरज नसेल तिथे वेब पान बंदच करावे. राउटरवर कॉल जोडण्यासाठीचा ५०६० पोर्ट सगळ्या जगाला उघडा असेल, तर तो फक्त सेवा देणाऱ्या कंपनीच्या पत्त्यांपुरता ठेवावा. नाहीतर कमकुवत पासवर्डचे एक्स्टेंशन सापडले, की शनिवार-रविवारच्या रात्रीत परदेशी कॉल होतात आणि बिल आल्यावरच कळते. आयएसडी लागत नसेल तर एक्स्चेंजवरच बंद करावे.

सगळ्यात दुर्लक्षित जागा टीएफटीपी सर्व्हर, म्हणजे फोनना फाइल पुरवणारा संगणक. अनेक फोन सुरू होताना आपली सेटिंग फाइल तिथून घेतात. फाइलच्या नावात बहुधा फोनचा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा वेगळा क्रमांक) असतो, तो फोनखालच्या स्टिकरवर छापलेला. टीएफटीपीला पासवर्ड नाही, एन्क्रिप्शन नाही. म्हणजे नेटवर्कवरचा कोणीही ती फाइल मागवून आतला एक्स्टेंशनचा पासवर्ड वाचू शकतो. फोन एचटीटीपीएसवरून सेटिंग घेत असेल तर तोच मार्ग वापरावा.

अपडेट करताना आपल्याकडे खरी भीती विजेची. फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली, तर फोन कायमचा बंद पडू शकतो. म्हणून पीओई स्विच (नेटवर्कच्या तारेतूनच फोनला वीज देणारा), राउटर आणि फाइल देणारा संगणक, तिन्ही यूपीएसवर असल्याशिवाय हात लावू नये. आधी एकच फोन अपडेट करून दिवसभर वापरावा. काही मॉडेलना फार जुन्या आवृत्तीवरून थेट नवीवर जाता येत नाही, मधली आवृत्ती टाकावी लागते. रिलीज नोट्समध्ये तसे लिहिलेले असते. फाइल कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी, व्हॉट्सॲपवर आलेली नको.

हे काम कोणाचे, हा प्रश्न एएमसीतच, म्हणजे वार्षिक देखभाल करारातच, सुटायला हवा. तिथे ‘फोन दुरुस्ती’ एवढेच लिहिलेले असेल, तर ठेकेदाराने अपडेट टाकले नाही म्हणून त्याला धरता येत नाही. दर तीन महिन्यांनी मॉडेलनिहाय फर्मवेअर आवृत्त्या आणि सपोर्ट संपण्याच्या तारखा लेखी द्याव्यात, अशी अट नूतनीकरणाच्या वेळी घालावी.

– आयपी टेलिफोनी देखभाल क्षेत्रातील काही तंत्रज्ञ, लातूर